दे, सीते

६ जानेवारी २०२५, सोमवार

ही वही ज्ञानदाने फ्रिस्कोहून पाठवली. वर सोनेरी इंग्रजी अक्षरांत 'माझा शोकप्रवास' असं छापलेलं होतं. मी आधी तिला खाकी कव्हर घातलं. लेकीला वाटतं, आईने मन मोकळं केलं की आई एका जागी बसेल. आई काही बसत नाही. आज सकाळपासून स्वयंपाकघरातले डबे दोनदा लावून झाले. बाहेर चार इंच बर्फ, तरी कोपऱ्यापर्यंत तीनदा जाऊन आले. तिसऱ्या वेळी शेजारच्या बाईने खिडकीतून हात केला, तेव्हा मी मेलबॉक्स बघायला आल्यासारखं दाखवलं.

माघ वद्य दशमीला ह्यांना जाऊन वर्ष होईल. हे म्हणजे माझे यजमान, एकनाथ भावसार. इचलकरंजीच्या रंगाऱ्याचा मुलगा. रशियात इवानोवो नावाच्या गावी सहा वर्षं कापड छापायचं शिकले आणि इथे मिशिगनमध्ये येऊन तीस वर्षं मोटारींच्या सीटचं कापड रंगवलं. राखाडी, काळं आणि फिकं राखाडी. रंगाऱ्याच्या मुलाच्या नशिबी याहून मोठी थट्टा नसेल.

खरं काय ते लिहून टाकते, वही माझीच आहे. स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलात सात दिवस होते. पाचव्या दिवशी ओठ हलायला लागले. मी कान नेला तर म्हणत होते, "दे, सीते." पुन्हा, "दे, सीते." माझं नाव सुमित्रा. आमच्या दोन्ही घरांत चार पिढ्यांत सीता नाही. दोन दिवस मी ते ऐकलं. सातव्या दिवशी मी म्हटलं, "मग सीतेलाच बसवा उशाशी," आणि खाली कॅफेटेरियात कॉफी घेऊन बसले. मी वर गेले तेव्हा नर्स दारात उभी होती. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

हे मी ज्ञानदाला सांगितलेलं नाही. कोणालाच नाही.

वर्षश्राद्धाचं पान मला वाढायचं आहे. त्याआधी ही सीता कोण ते मला कळलं पाहिजे. छत्तीस वर्षं मी कोणाच्या जागी स्वयंपाक केला, हे माहीत नसताना पान वाढायचं माझ्याने होणार नाही.

९ जानेवारी, गुरुवार

बेसमेंटमधून ह्यांची रशियाची रेक्झिनची बॅग वर आणली. पाठीत उसण भरली.

ही बॅग लग्नानंतर आठव्या दिवशी सगळ्यांसमोर उघडली होती, ते आठवलं. फॉरेन-रिटर्न नवरा म्हणून माझ्या बहिणी नायलॉन नाहीतर सेंटची बाटली निघेल म्हणून टपून बसल्या होत्या. निघालं काय, तर चीट. छापील सुती कापड, अस्तराला आणि पडद्याला लावतात ते. सहा मीटर, घडी करून सुतळीने बांधलेलं. धाकटी म्हणाली, "रशियाहून चीट आणलं, मग इचलकरंजीत काय दुष्काळ पडला होता?" सगळे हसले. मीही हसले. सुतळीसुद्धा सोडली नाही. ह्यांनी काही म्हटलं नाही. हे काही म्हणायचेच नाहीत, तोच तर त्यांचा दोष.

आज बॅगेत सापडलं ते असं: इवानोवोची पोस्टकार्डं, घोड्याच्या नालासारखी वळलेली एक इमारत, एक नदी, गिरण्यांची धुराडी. आणि एक फोटो. त्यात हे, काडीसारखे, हसताहेत. असं हसताना मी ह्यांना पाहिलेलं नाही. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक गोरी बाई, तीही हसतेय. मध्ये दोघांनी कसलंतरी कापड धरलंय. बाई दिसायला बरी आहे. दात किंचित पुढे.

फोटोच्या मागे शाईने दोन-तीन ओळी. रशियन. पण अक्षरं बरीचशी इंग्रजीसारखी आहेत, तेव्हा मी भिंग घेऊन बसले. एक शब्द स्वच्छ लागला: c, u, m, e आणि शेवटी शेपूट असलेला u. कुमेऊ. हे काय नाव झालं? मग लक्षात आलं, कुमुदचं त्यांनी तसं केलं असेल.

म्हणजे सीता वेगळी आणि कुमुद वेगळी. आमचे हे तर फारच कर्तबगार निघाले.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

मंडळातल्या नीनाने हळदीकुंकवाला आग्रहाने बोलावलं. म्हणाली, "काकू, तुम्ही यायचंच, मी असलं काही मानत नाही." मीही मानत नाही, पण बाकीच्या बायका मानत नसल्याचं फार मोठ्याने दाखवतात, त्याचा त्रास होतो. तिळगूळ घेतला आणि वीस मिनिटांत निघाले.

तिच्या बाळाच्या बोरन्हाणाचं काळं झबलं माझ्याकडे आहे. गळ्याशी वेल भरायला घेतली आणि तीनदा उसवली. पान काढायचं म्हटलं की अजून माझा हात बिचकतो. लग्न ठरत होतं तेव्हा आईने फोटोबरोबर माझ्या भरतकामाचा रुमालही इवानोवोला धाडला होता, मुलगी गुणी आहे हे कळावं म्हणून. गोकर्णीचं निळं फूल आणि खाली एक पान. घाईत पान उलटं झालं, देठ वर आणि टोक खाली. मी उसवणार होते. आई म्हणाली, "आता पोस्ट बंद होईल, त्याला काय कळतंय." त्यालाच कळलं असणार. कापडातला माणूस. लग्नानंतर रुमालाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, आणि मीही लाजेने विचारलं नाही.

ज्ञानदाचा फोन. "आई, मार्चमध्ये घर लिस्ट करू या ना? तू डिक्लटरिंग स्टार्ट तरी कर. इथे केया रोज विचारते, आजी कधी मूव्ह होणार." मी म्हटलं, बघू.

१६ जानेवारी, गुरुवार

लायब्ररीतल्या फळ्यावर चिठ्ठी होती, रशियन शिकवते, चहासह. पत्ता ज्येष्ठांच्या इमारतीतला. चार नंबरची बस थेट जाते.

बाईंचं नाव लारिसा पेत्रोव्ना. वय अठ्ठ्याहत्तर, गाव लेनिनग्राद. नाव बदललेलं त्यांना मान्य नाही. आमचं दोघींचं इंग्रजी आपापल्या वळणाचं, पण भागतं. त्यांचा हिवाळी कोट अस्तरातून फाटलाय. मी कोट दुरुस्त करायचा आणि त्यांनी मला शिकवायचं, असं ठरलं. का शिकायचंय विचारलं, तर मी म्हटलं, यजमान इवानोवोत होते, त्यांची पोस्टकार्डं वाचायची आहेत. फोटो पर्समध्ये होता, पण काढला नाही. घरची लक्तरं पहिल्याच दिवशी कोण दाखवतं?

इवानोवो म्हटल्यावर लारिसाबाईंनी पुण्याच्या माणसाने इचलकरंजी ऐकावं तसं नाक मुरडलं. "तिथे काय आहे? कापड आणि बायका."

बायका?

"गोरद निव्येस्त. वधूंचं शहर म्हणतात त्याला."

बसमध्ये परत येताना माझं उतरायचं ठिकाण दोन थांबे मागे गेलं.

२२ जानेवारी, बुधवार

पहिला धडा असा. ग्द्ये म्हणजे कुठे. वोत म्हणजे हे बघ, इथे. "पेन कुठे?" "हे बघ पेन." तासभर आम्ही पेन, कप, चष्मा आणि मांजर शोधत होतो. 'ग्द्ये'तला ग काही माझ्या घशातून निघेना. लारिसाबाई म्हणाल्या, राहू दे, आम्हीसुद्धा बोलताना तो गिळतोच.

छापील अक्षरं आता जमतात. हाताने लिहिलेली पुढच्या महिन्यात, म्हणाल्या. ती निराळी असतात म्हणे. माझ्याकडे महिना कुठे आहे?

लायब्ररीतून इवानोवोचं इंग्रजी पुस्तक आणलंय. शत्रूचं गाव म्हणून वाचायला घेतलं, पण वाचतच गेले. पूर्वी ते नुसतं खेडं होतं आणि माणसं जमीनदाराची मालमत्ता. त्याच माणसांनी लाकडी ठसे कोरून कापड छापायला घेतलं, त्यातून वर आली आणि मालकाकडून स्वतःला सोडवून घेतलं. मग अठराशे बारा साली लढाईत मॉस्को जळलं, तिथले कारखाने बसले आणि सगळा धंदा या खेड्याकडे आला. ठशांची चित्रं आहेत. ह्यांच्या आजोबांचे ठसे माळ्यावर होते, हुबेहूब तसेच. नदीचं नाव उवोद. गिरण्या तिच्यात रंग सोडायच्या. आमचा ओढासुद्धा सोमवारी निळा आणि मंगळवारी लाल असायचा, तेव्हा मला यात नवल वाटलं नाही. ह्यांना तिथे परकं वाटलं नसणार एवढं मात्र कळलं.

मी विचारायचे तेव्हा हे सांगायचे, "तिथे थंडी होती आणि बटाटे होते." सहा वर्षांत एवढंच.

३० जानेवारी, गुरुवार

शेवटी धीर करून वेस्ट विंडसरला अरुणभावजींना फोन केला. ते ह्यांचे इवानोवोतले खोलीमित्र. इकडचं तिकडचं झाल्यावर सरळ विचारलं, तिथे सीता नावाची कोणी होती का.

"सीता? नाही वहिनी. आम्ही अकरा इंडियन होतो, सगळे पोरगे."

मग कुमुद?

"वहिनी, काय झालंय? तब्येत ठीक ना?"

मग मी फोटोतल्या बाईचं वर्णन केलं. दातांचंही सांगितलं. किंचितच पुढे ना, असं भावजींनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "तान्या. ती तान्या असणार. सॅम्पल प्रिंटिंगमध्ये होती." आवाज अगदी निराळा झाला होता.

मी म्हटलं, आणि ह्यांचं तिच्याकडे काय काम होतं?

"एकनाथचं? डिप्लोमाचं डिझाइन होतं ना. त्या रुमालामागे नुसता वेडा झाला होता तो. आम्हाला दहादा दाखवायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही. तान्यालाच फक्त..."

"तिच्या डोक्याला रुमाल आहे खरा," मी म्हटलं.

"तो नाही हो वहिनी, तो..." आणि मग विषय बदलला. "फोटो आहे ना तुमच्याकडे? मला व्हॉट्सअ‍ॅप कराल? फक्त पाहायचाय."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मित्राला वाचवायला भावजींची जीभ कशी अडखळत होती, ते मी ऐकलं. आणि वर पुरावाच मागतात. मी फोटो पाठवला नाही.

संध्याकाळी सोफा खिडकीखालून भिंतीकडे ओढला. मग पुन्हा खिडकीखाली ओढला.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज लारिसाबाईंशी भांडण झालं. त्या म्हणाल्या, इवानोवोत वाडे नाहीत, ऑपेरा नाही, सगळं नुसतं बायकांच्या झग्याचं कापड. मी म्हटलं, झग्याचं कापड छापणं सोपं नसतं. एकदा क्रांती झाल्यावर तिथल्या पोरांनी फुलं ही श्रीमंतांची चैन ठरवली आणि कापडावर ट्रॅक्टर आणि विमानं छापली. पण कापड घ्यायचं बायकांनी, त्या ट्रॅक्टर कशाला अंगावर घेतील? फुलंच परत आली. त्याच्याही आधी, एकोणीसशे पाच साली, तिथल्या कामगारांनी संप करून नदीकाठी आपली पंचायत बसवली होती, आणि तुमचं लेनिनग्राद सगळं श्रेय स्वतःकडे घेतं. मी एवढं बोलत होते आणि बोलता बोलता माझं मलाच कळलं, की सासरच्या गावाला कोणी नावं ठेवावीत तशी मी चिडलेय.

लारिसाबाई हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्याने तुम्हाला चांगलं शिकवलंय."

त्यांनी काहीच शिकवलेलं नाही. बटाटे आणि थंडी.

राग कोणावर आहे तेच आता नीट कळत नाही. ह्यांच्यावर आहे, हे नक्की. पण वर्षभर झोप उडवली आहे ती त्या कॉफीने. ती मी संपवलीसुद्धा होती. थंड झाली तरी संपवली, लगेच वर जायला नको म्हणून. ते वाक्य त्यांना कळलं असेल का? डॉक्टर म्हणाले होते, पेशंटला समजतं सगळं, फक्त बोलता येत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

केयाचा व्हिडिओ कॉल. आजोबांची ब्लँकी खांद्यावर घेऊन बसली होती. म्हणजे ह्यांची गोधडी. गेल्या मार्चमध्ये ह्यांचे दिवस उरकून सगळे परत निघाले तेव्हा तिने सोडलीच नाही, विमानात कडेवर घेऊन गेली. ह्यांचीच सवय तिला लागली. हे भर उन्हाळ्यातसुद्धा पायावर गोधडी घ्यायचे. हॉस्पिटलात न्यावी असं एकदा मनात आलं होतं, पण ती विटलेली, ठिगळांची, तिथे त्या पांढऱ्याशुभ्र पलंगावर बरी दिसली नसती.

"आजी, व्हेन आर यू कमिंग?"

मी म्हटलं, आजोबांच्या दिवशी येईन. ज्ञानदा मागून ओरडली, "आई, वन वे तिकीट काढ."

१२ फेब्रुवारी, बुधवार

नीट लिहिते. क्रमाने लिहिते.

कोटाचं अस्तर झालं होतं, खिसे उरले होते. खिशाला जुनं सुती हवं म्हणून लारिसाबाईंनी एक तुकडा काढून ठेवला होता, तो सापडेना. मी खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होते. त्या खोलीभर फिरत, खण उघडत, स्वतःशी रशियनमध्ये पुटपुटत होत्या. म्हातारी माणसं पुटपुटतात तसं, अर्धं गिळून.

"दे सीते... दे सीते..."

सुई बोटात गेली. मी विचारलं, काय म्हणालात?

त्यांना वाटलं, मी उच्चार विचारतेय. त्यांनी नीट, मास्तरणीसारखं म्हणून दाखवलं. ग्द्ये सीतेत्स. ग्द्ये तुम्हाला येतं, कुठे. सीतेत्स म्हणजे हे, आणि सापडलेला तुकडा माझ्या मांडीवर टाकला. "वोत सीतेत्स."

मांडीवर चीट होतं. पांढऱ्यावर बारीक लाल फुलं.

मी पर्समधून फोटो काढला आणि उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सहज वाचलं, दुकानाची पाटी वाचावी तसं. "एकनाथ आणि त्याचं चीट. इवानोवो, मे १९८७. आठवणीसाठी, तान्या." मी त्या शब्दावर बोट ठेवलं. कुमेऊ. त्या म्हणाल्या, हो, सीतेत्स. हाताने लिहिताना आमचा त हा तुमच्या m सारखा दिसतो आणि इ दिसते u सारखी. म्हणून तर म्हटलं होतं, महिनाभर थांबा.

म्हणजे सीताही तीच आणि कुमुदही तीच. आणि ती बाई नव्हतीच, ते सहा मीटर कापड होतं.

मग मी त्यांना हॉस्पिटलचं सगळं सांगितलं. कॉफीचंही सांगितलं. पहिल्यांदा कोणाला सांगितलं ते लेनिनग्रादच्या एका बाईला, मोडक्या इंग्रजीत. त्यांनी उठून जाडा शब्दकोश आणला आणि मला वाचून दाखवत बसल्या, बहुधा त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. हा शब्द रशियनांचा नाही म्हणे. हॉलंडच्या व्यापाऱ्यांकडून आला, आणि त्यांनी तो हिंदुस्थानातून नेला. मूळ शब्द 'चित्' असा काहीतरी आहे, तुम्हाला माहीत असेल.

माहीत आहे. आमच्याच घरातला शब्द. चीट. आमच्याकडून गेला, हॉलंड फिरला, इवानोवोत जाऊन राहिला. तिथून एका माणसाने तो माझ्यापर्यंत आणला, तर मी त्याला ओळखलं नाही. आधी बॅगेतून आणला तेव्हा हसले. मग तोंडून आणला तेव्हा रागावून निघून गेले.

कुठे आहे चीट, एवढंच विचारत होते.

बसमध्ये रडले. ड्रायव्हरबाईने आरशातून पाहिलं आणि माझ्या थांब्यावर बस जरा जास्त वेळ थांबवली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मग कुठे आहे ते चीट? पहाटेपासून हाच प्रश्न. कपाटं उपसली. लग्नातलं मी काय काय टाकलं, काय काय दिलं, आठवत बसले. दुपारी भाजी चिरताना आठवलं आणि विळीवरचा हात तसाच राहिला.

ज्ञानदाच्या वेळी सातव्या महिन्यात सासूबाईंनी गोधडी शिवायला बाई बोलावली होती. वरून सासूबाईंचं लुगडं, खालून धोतर, आणि मध्ये भरायला जुनी-पानी कापडं हवी होती. मी ट्रंकेतून ती सुतळी बांधलेली घडी काढून दिली. कोरी होती तरी दिली. नाहीतरी चीटच, म्हटलं. हे दारात उभे होते. मी म्हटलं, "चालेल ना?" हे म्हणाले, "ऊब येईल."

पस्तीस वर्षं ते त्याच गोधडीखाली झोपले. विटली तरी टाकू दिली नाही. आणि मी ती हॉस्पिटलात नेली नाही, बरी दिसणार नाही म्हणून.

पण त्या कापडात एवढं होतं काय? सहा वर्षं शिकून, डिप्लोमाला म्हणून या माणसाने छापलं काय?

फोटो पुन्हा भिंगाखाली घेतला. महिनाभर मी त्या बाईचे दात पाहिले, कापडाकडे पाहिलंच नव्हतं. काळापांढरा फोटो, घड्या पडलेल्या. कसलीतरी बारीक फुलं आहेत. याहून जास्त दिसत नाही.

तिकीट काढलं. परतीचंही काढलं, ज्ञानदा काही म्हणो. तान्याचा फोटो अरुणभावजींना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "थँक्स वहिनी." मग पंधरा मिनिटांनी, "ती तेव्हा चोवीस वर्षांची होती." आता हे मला कशाला सांगायचं? माणसं म्हातारपणी काहीही लिहितात.

२३ फेब्रुवारी, रविवार. फ्रिस्को

श्राद्ध झालं. जावई बसले होते, गुरुजी न्यू जर्सीहून झूमवर होते. पान मी वाढलं. कावळा नाही म्हणून घास मागच्या डेकवर ठेवला. एक खार आली आणि आधी वडा घेऊन गेली. ज्ञानदा म्हणाली, "बाबांना वडाच आवडायचा," आणि रडली. मग मी तिला सगळं सांगितलं. सीता, कॉफी, चार वाजून दहा मिनिटं, सगळं. ती बराच वेळ माझा हात धरून बसली. म्हणाली, "आई, तू वर्षभर हे एकटीने..." ती रागावली असती तरी चाललं असतं.

दुपारी केयासमोर बसले. ती नऊ वर्षांची आहे, तिच्याशी सरळ बोलावं लागतं. म्हटलं, ब्लँकीच्या पोटात आजोबांनी काहीतरी ठेवलंय, मला ते पाहायचंय, त्यासाठी थोडी उसवावी लागेल. तिने गोधडी पोटाशी धरली.

"विल इट हर्ट इट?"

म्हटलं, पुन्हा शिवून देईन, मी याच कामाची आहे.

"ओन्ली वन कॉर्नर, आजी. प्रॉमिस."

प्रॉमिस केलं. खिडकीखाली फरशीवर दोघी बसलो. धावदोरा एक एक टाका करून कापला, वीतभर. लुगडं बाजूला केलं. त्याखाली कोणाचातरी सदरा होता, तो वर उचलला. त्याच्याखाली होतं.

पस्तीस वर्षांत त्याला ऊन लागलेलं नव्हतं, पाणी लागलं तेवढंच. मला वाटलं होतं नुसतं फिकट काही दिसेल. निळा असा होता की केयाने "वॉव" म्हटलं. गोकर्णीची फुलं, ओळीने. मी केलेली होती तशीच, पाकळीच्या कडेला माझा टाका जिथे जाड झाला होता तो जाडपणासुद्धा तसाच. प्रत्येक फुलाखाली एक पान.

केयाने बोट ठेवलं. "आजी, दिस वन इज अपसाइड डाउन." मग दुसऱ्यावर ठेवलं, मग तिसऱ्यावर. "दे आर ऑल अपसाइड डाउन. हू डिड दॅट?"

"मी केलंय."

"डिडन्ट आजोबा नो इट वॉज राँग?"

"माहीत होतं त्यांना."

लाकडावर किंवा तांब्यावर डिझाइन कोरताना पान सुलटं करायला काय लागलं असतं? एक रेघ. एवढ्या मोठ्या गावात, जिथे दोनशे वर्षं लोक फुलं छापत आलेत, तिथे मास्तरांपुढे उभं राहून या माणसाने माझी चूक जशीच्या तशी ठेवली. सहा मीटर. मला अजून पाहिलंही नव्हतं त्यांनी, नुसता फोटो आणि रुमाल होता. आणि घरी आणून दिली तेव्हा मी सुतळी सोडली नाही.

मी रडत होते. केयाने विचारलं, आजोबांना हे हवं होतं का?

"हो. कुठे आहे, असं विचारत होते. मला कळलं नाही."

"सो टेल हिम नाउ," ती म्हणाली, एवढं काय त्यात, अशा आवाजात.

मी गोधडीचा उसवलेला कोपरा हातात धरला आणि सांगितलं. आधी मराठीत, अहो, हे बघा, इथे आहे. आणि मग त्यांनी विचारलं होतं त्या भाषेत, जेवढी मला येते तेवढी.

वोत सीतेत्स.